लॉकर, पण बँकेतला नव्हे



लॉकर म्हटलं की आपल्या पिढीला एकच चित्र दिसतं. दोन किल्ल्या, एक बँकेकडं, एक तुमच्याकडं, आणि आत आजीच्या पाटल्या. छत्तीस वर्षं मी त्या लोखंडी दाराशी उभं राहून सह्या घेतल्या. पण गेले दोन महिने आमच्या घरात ज्या लॉकरवरून रोज वाद चाललाय, तो जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये बसतो. आपल्यात खानापूर, चंदगड, सत्तरीकडं जमीनजुमला असलेली बरीच घरं आहेत. पोरांनी जुन्या जीपा बाहेर काढून रंगवल्यात, मोठे टायर चढवलेत. म्हणजे हा वाद आज ना उद्या तुमच्याही जेवणाच्या ताटावर येणार. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पुढच्या एक्सलला लॉकर घालायचाच असेल तर हातानं चालू-बंद होणारा घाला, आणि बिघडला तर आपोआप सुटून मोकळा होणारा घाला. तेवढे पैसे जमले नसतील तर थांबा. आपल्या मर्जीनं बांधणारा आणि आपल्या मर्जीनं सोडणारा स्वस्तातला लॉकर पुढच्या चाकांना नको म्हणजे नको.

माणूस बँकेतला, बी.कॉम. झालेला, याला गियरमधलं काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा की. पण ट्रॅक्टर, जीप आणि टेम्पोची कर्जं मी इतकी दिलीत आणि बिघडलेल्या गाड्यांच्या दारात वसुलीला इतक्यांदा उभा राहिलोय, की गाडी कुठं मोडते आणि मोडल्यावर मालकाचं काय होतं, हे मला बऱ्याच मेस्त्र्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

आधी लॉकर लागतो कशाला ते सांगतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर एकाला घासत जावं लागेल. म्हणून मधे डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतो, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतो. सगळी गोम या सारखेपणात आहे. एक चाक राडीत किंवा हवेत गेलं की त्याला फिरवायला जोर असा लागतच नाही. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हे दोघांच्या सहीनं चालणारं खातं. एकानं सही दिली नाही की खात्यात लाख असले तरी दुसऱ्याच्या हातात दमडी पडत नाही. लॉकर बसवला की तेच खातं 'दोघांपैकी कोणीही' असं होतं. जमिनीला धरलेलं चाक एकटं सगळा जोर उचलू शकतं.

१९८४ च्या पावसाळ्यात मी हे डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा लॉकर हा शब्द मला एकाच अर्थानं माहीत होता. कणकुंबीच्या पुढं एका शेतकऱ्याच्या तारणाची पाहणी होती. बँकेनं भाड्यानं घेतलेली जीप, ड्रायव्हर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन आलेला. मलप्रभा जिथं उगम पावते तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. लाल राड, खाली जांभा, वर पाण्याचे लोट. जीप एका घळीत तिरकी बसली आणि चारचाकी जोर असूनही फिरायला लागली दोनच चाकं, पुढचं एका कोपऱ्यातलं आणि मागचं त्याच्या समोरच्या कोपऱ्यातलं. मी म्हणालो, अजून थोडं दाबा. तो म्हणाला, "साहेब, चाक फिरतंय म्हणजे गाडी चालली असं नव्हं." इंजिन बंद करून तो खाली उतरला. घोंगड्याची खोळ घेतलेली चार माणसं शेतातून आली. फिरणाऱ्या चाकांखाली दगड, फांद्या, एक जुनं पोतं, असं करत दीड तासानं आम्ही निघालो. त्या शेतकऱ्याच्या घरी आम्हाला नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी मिळाली, कर्जाचं काम दुसऱ्या दिवशी झालं. आज त्या रस्त्यानं मुलं गोव्याला दोन-अडीच तासांत पोचतात, म्हणून ही आठवण इथं नोंदवून ठेवतोय.

आता आमच्या घरच्या वादाकडं येतो. माझा पुतण्या खानापूरच्या पश्चिमेला जंगलाच्या कडेला राहतो. थोडं भात, थोडे काजू आणि एक जुनी एमएम-५४० जीप. पावसात त्याच्या पलीकडच्या वाड्यांत दुसरं वाहन जात नाही. भीमगडच्या आसपासच्या वाड्यांचं पावसाळ्यात काय होतं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, तो ते रोज बघतो. मागच्या एक्सलला त्यानं दोन वर्षांपूर्वीच लॉकर बसवून घेतला, आणि ते बरोबरच केलं. चढावर गाडीचं वजन मागं जातं, मागची चाकं जमिनीला धरतात, तेव्हा पहिला लॉकर मागंच हवा.

पण गेल्या श्रावणात एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली आणि जीप एका ओढ्यात अडकली. पाणी फार नव्हतं, पण पलीकडचा काठ पावसानं कापून गुडघाभर उभा झालेला. पुढचं उजवं चाक अधांतरी गरगर फिरतंय, डावं दगडाला टेकून गप्प. मागची दोन्ही चाकं जोर लावतात, पण त्या जोरानं नाक काठात आणखी दाबलं जातं, वर काही चढत नाही. तिथं पुढून ओढणाराच हवा होता. शेवटी घोंगडं बांबूला बांधून चौघांनी त्या माणसाला सुमारे दोन किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. तो वाचला. आता बांधावर बसून आम्हालाच जीप कशी चालवायची ते शिकवतो. पण तेव्हापासून पुतण्याच्या डोक्यात पुढचा लॉकर बसलाय, आणि तो शौक आहे असं मी म्हणणार नाही.

मतभेद आहे तो कुठला लॉकर यावर. त्याचा एक मित्र गोव्याकडचा. २०१४ मध्ये गोव्यात भर पावसात सुरू झालेल्या रेन फॉरेस्ट चॅलेंजच्या शर्यतीला मदतनीस म्हणून हा जातो. पोरगा हुशार आहे, हाताला चलाख आहे. त्याचं म्हणणं असं, की डिफरन्शियलच्या आतले छोटे गियर काढून त्या जागी बसणारा लॉकर घ्या. बाहेरची लोकं त्याला गमतीनं जेवणाच्या डब्याचा लॉकर म्हणतात, कारण तो तेवढ्याच आकाराचा. तार नको, नळी नको, बटण नको. हवेवर चालणाऱ्या लॉकरच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही चाकं बांधली जातात, वळणावर बाहेरचं चाक पुढं पळायला लागलं की ते सुटतं. आणि रस्त्यावर काही त्रास नाही, कारण जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचे हब हातानं मोकळे करता येतात. हब मोकळे केले की पुढचा एक्सल नुसता पाठीमागं फरफटत येतो, त्यात लॉकर असला काय, नसला काय.

हा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. बेळगावहून खानापूरला डांबरावरून यायचं असेल तर अडचण शून्य. पण पुतण्याची जीप डांबरावर धावते किती? पावसाचे तीन महिने ती हब बांधून, चारचाकी जोरावर, ओल्या अरुंद वाटेनं मैलोन् मैल जाते. तिथं हा लॉकर बंद करता येत नाही. वळणावर ॲक्सिलरेटर दिला की स्टीअरिंग सरळ व्हायला बघतं, सोडला की खट्कन सुटतं. हातातली गाडी दर वळणाला आपला स्वभाव बदलते. मागच्या चाकांना हे चालून जातं, कारण ती दिशा देत नाहीत. पुढची देतात.

आणखी एक गोष्ट, जी या पोरांच्या बोलण्यात कधी येत नाही. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार, वाट तिरकी आणि ओली, अशी कल्पना करा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरून फिरायला लागलं तर दुसरं न घसरता हळू चालत राहतं, आणि तेच गाडीला आडवं घसरण्यापासून धरून ठेवतं. लॉकर बांधलेला असेल तर दोन्ही चाकं एकदम घसरतात, मग आडवं धरायला कोणी उरत नाही आणि नाक उताराकडं निघतं. चढायला मदत करणारी वस्तू तिरक्या वाटेवर खाली न्यायला मदत करते. म्हणूनच ती क्षणभर लागेल तेव्हा लागावी आणि काम झालं की सुटावी.

हे ज्ञान काही अमेरिकेतून आलेलं नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला डिफ लॉक असतो, टाचेनं दाबायचा. नांगरताना एक चाक फिरायला लागलं की टाच दाबायची, बाहेर निघालं की आणि बांधाला वळायच्या आधी पाय काढायचा. कर्ज देताना मी शेकडो शेतकऱ्यांना ट्रॅक्टर चालवताना बघितलंय, एकानंही टाच दाबून ठेवून वळण घेतलेलं मला आठवत नाही. जे आपल्या शेतात सगळ्यांना कळतं ते जीपमध्ये बसल्यावर का विसरावं?

आता हातानं चालणाऱ्यातही प्रकार आहेत. हवेवर चालणारा, विजेवर चालणारा आणि केबल किंवा लिव्हरनं ओढायचा. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची एआरबी कंपनी हवेच्या लॉकरसाठी जगभर ओळखली जाते. अमेरिकेत जीप रँग्लरची रुबिकॉन गाडी २००३ पासून पुढचा आणि मागचा असे दोन्ही लॉकर कारखान्यातूनच घेऊन येते, डॅशबोर्डवरच्या बटणानं चालणारे. आपल्याकडं फोर्सच्या गुरखा गाडीला दोन्ही एक्सलना लॉकर कारखान्यातून मिळतो आणि तो चालतो लिव्हरनं, एकदम ट्रॅक्टरसारखा रोखठोक. महिंद्राच्या थारला जो येतो तो मागं, आपोआप लागणारा. डावं-उजवं चाक वेगवेगळ्या गतीनं फिरायला लागलं की लागतो आणि गाडीनं वेग घेतला की लागत नाही. पुढच्या चाकांसाठी ती गाडी घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम भागवते. या कारखान्यांतले इंजिनिअर काही अडाणी नाहीत. पुढच्या एक्सलला लॉकर दिला तिथं त्यांनी त्याची दोरी चालवणाऱ्याच्या हातात ठेवली, आपोआप लागणारा ठेवला तो मागं, आणि तोही वेगाची अट घालून.

यातला कुठला घ्यावा, यासाठी मी पुतण्याला कर्जाच्या अर्जाला विचारायचो तोच प्रश्न विचारला. सगळं नीट चाललं तर काय होईल हे विक्रेता सांगतोच. नीट नाही चाललं तर हातात काय उरतं? हवेच्या लॉकरची नळी फांदीनं तुटली किंवा सायलेन्सरजवळ वितळली, तर आतली स्प्रिंग त्याला मोकळा करते. साधी जीप उरते, ती घरी येते. विजेच्या लॉकरची तार तुटली तरी तसंच, तो सुटतो. केबलवाल्याची केबल गंजून अडकली तर तो बांधलेल्या अवस्थेतच राहू शकतो. गंज हा आपल्या पावसात अपवाद नसतो, नियम असतो. तो सोडवायला एक्सलखाली चिखलात झोपावं लागेल. आणि जेवणाच्या डब्यासारखा जो आहे, त्यातले दात किंवा पिना झिजून तुटल्या तर ते तुकडे क्राउन-पिनियनमध्ये जातात. मग प्रश्न लॉकरचा राहत नाही, सगळा एक्सल उघडावा लागतो.

म्हणून माझा कौल हवेच्या बाजूनं. त्याला एक घरगुती कारणही आहे. त्याच्यासाठी लागणारा कंप्रेसर टायरमध्ये हवा भरायलाही चालतो. राडीत शिरायच्या आधी टायरची हवा कमी केली की टायर पसरतो आणि जमीन जास्त धरतो. निम्म्या वेळा तेवढ्यानंच काम होतं आणि लॉकरचं बटण दाबावंच लागत नाही. पण हवा कमी केली की डांबरावर यायच्या आधी परत भरायला हवी, आणि त्या वाड्यांत पंक्चरचं दुकान कुठलं? कंप्रेसर गाडीत असला की प्रश्न मिटला. नळी मात्र वरच्या बाजूनं, चेसिसच्या आतून न्यायची, आणि एक जादा नळीचा तुकडा दोन जोडांसह डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा. तो काही दागिना नव्हे.

मधला एक मार्ग म्हणून काही जण पुढं लिमिटेड स्लिप सुचवतात, गियरचा. तो सौम्य असतो, स्टीअरिंगला फारसा त्रास देत नाही. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की त्याचं काही चालत नाही. मग ब्रेक हलका दाबून त्याला चाकावर भार आहे असं भासवावं लागतं. आमच्या ओढ्याच्या काठाला तो पुरला नसता. रेतीत किंवा शेताच्या वाटेवर गाडी चालवणाऱ्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

आणि एक खर्च, जो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. साध्या एक्सलमध्ये एकेका बाजूवर भार मर्यादित राहतो, कारण हलकं चाक आधी फिरून जातं. लॉकर बांधला की एका बाजूचा हाफ शाफ्ट आणि त्याच्या टोकाचा जॉइंट यांच्यावर सगळा जोर एकट्यानं येऊ शकतो. त्यात स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर जॉइंट आधीच वाकलेला, म्हणजे सगळ्यात अशक्त. चाळीस वर्षांची झिजलेली सामग्री आत ठेवून बाहेर नवा लॉकर बसवणं म्हणजे जामीनदार न तपासता कर्जाची मर्यादा दुप्पट करणं. आधी शाफ्ट, क्रॉस, बेअरिंग बघा, लागेल ते बदला. लॉकर मागवण्यापूर्वी एक्सलच्या स्प्लाइनचे दात स्वतःच्या डोळ्यांदेखत मोजून घ्या आणि क्राउन-पिनियनचं प्रमाणही बघून ठेवा, कारण जुन्या जीपांमध्ये कुणी कधी काय बदललंय याचा भरवसा नसतो. चुकीच्या दातांचा माल परत घ्यायला कोणी बसलेलं नाही.

कागदाचं बोलल्याशिवाय मला झोप यायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं त्यावर कडक निकाल दिलाय. काय बसवताय ते आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा, पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, ती प्रत गाडीच्या कागदांत ठेवा. पोरं हसतात याला. हसू देत.

आमच्या वयाच्या मंडळींपैकी दोघांनी मला सांगितलं, कशाला त्या लोखंडाच्या ढिगावर पैसे घालतोस, पुतण्याला ती जीप विकून बेळगावात फ्लॅटचा हप्ता भरायला सांग. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हे मला पटत नाही. आपली मंडळी पिढ्यान्पिढ्या त्या बाजूला राहिली, आता एकेक घर कुलूप लावून टिळकवाडीत येतंय. जो राहिलाय त्याला तुम्ही तिथं राहायला मदत करणार की त्यालाही बोलावून घेणार? तो राहिलाय म्हणून पलीकडच्या वाड्यांना गाडी आहे.

पुतण्या परवा येऊन गेला. म्हणाला, "काका, मित्राचं ऐकलं तर या महिन्यात काम होतंय, तुमचं ऐकलं तर पुढचा हंगाम बघायला लागतंय की." मी म्हटलं, पाऊस जूनमध्ये येतो, लॉकर डिसेंबरमध्ये बसवून कुणाला दाखवायचाय? तो गप्प बसला, हसला आणि चहा प्यायला. मेस्त्रीनं एक्सल उघडून दातांची संख्या कागदावर लिहून दिलीय, डाव्या बाजूचा क्रॉस गेलाय हेही त्यातच कळलं. क्रॉस आणि कंप्रेसरचे पैसे माझे, लॉकरचे त्याचे, काजूच्या हिशोबातून. एप्रिलअखेर काजू विकले जातील, मे महिन्यात गाडी मेस्त्रीकडं जाईल, मिरगाच्या आधी बाहेर येईल. तोवर डिकीत पन्नास फूट दोर आणि दोन फळ्या आहेत.

— एक निवृत्त बँकवाला, टिळकवाडी, बेळगाव